लाल टेपची वायर

(नेर तालुक्यातलं एक गाव. विहारापुढचं मैदान, एप्रिलची उतरती दुपार. साउंड सर्व्हिसवाले धर्मपाल आणि त्यांची डिप्लोमाला शिकणारी मुलगी उर्वशी मशीनच्या टेबलापाशी. धर्मपालची बायको जया लांब विहाराच्या पायरीवर, मांडवाकडे पाठ करून बसलेली.)

उर्वशी : नाही होत, बाबा! दोन मशीन जोडल्यानं आवाज डबल नाही होत!

धर्मपाल : काहून नाही होत? हे शंभर वॅटचं, ते शंभर वॅटचं. शंभर अन् शंभर किती होते? का तुमच्या कॉलेजात बेरीज बदलली?

उर्वशी : दोनशे होतात. पण कानाला ते डबल नाही वाटत. तीन डेसिबल वाढते फक्त. तीन! मागं बसलेल्याला कळणार बी नाही का धर्मपालभाऊनं दुसरं मशीन आणलं.

धर्मपाल : अन् मी बाबुलालच्या दुकानातून गाडीवर पोटाशी बांधून आनलं, ते काय हवा खायले? पन मी बाजूबाजूले जोडतच नाही. एकात एक जोडतो. तुह्या मायचा माइक ह्या मशीनीत, अन् ह्या मशीनीचा आवाज त्या मशीनीत. हे वाढवन, ते आखीन वाढवन. एक नंबर काम!

उर्वशी : थांबा थांबा, बटन नका–

धर्मपाल : दाबलं.

उर्वशी : बंद करा! बंद करा बाबा, कान गेले!

जया : ओ उर्वशीचे बाबा! जयंती हाय का कापसाचं जिनिंग सुरू केलं?

धर्मपाल : काही नाही वं, टेस्टिंग हाय! तू बस!… चिडली पाय. चिडली म्हंजे बरं हाय. मघाशी गप बसली होती, त मलेच रडू येऊन राह्यलं होतं.

उर्वशी : पण झालं काय मघाशी? मी त आत्ता यवतमाळच्या बसमधून उतरली.

धर्मपाल : काय होईन? मी हॅलो-हॅलो म्हनलं, ते थेट बसस्टॉपच्या भोंग्यापर्यंत गेलं. तिथं रामीबाई बाजेवर बसून हाय. तिनं फोनवर सांगतलं, धर्मपाल, आवाज चोख येऊन राह्यला. मंग तुही माय उभी राह्यली. अख्खं कडवं म्हनलं. भोंग्यातून नुसती घरघर. अन् रामीबाई फोनवर इचारते, जया कवा गाईन?

उर्वशी : गाऊन झाल्यावर?

धर्मपाल : गाऊन झाल्यावर.

उर्वशी : आईनं ऐकलं का ते?

धर्मपाल : फोन तिच्याच हातात होता.

उर्वशी : अरे बापरे.

धर्मपाल : मंग मले म्हने, अजून एकडाव पाहा. रामीबाईले नाही गेलं त जयंती मंडळाच्या संघदीपले सांगून टाका, आजपासून जयंतीचं पहिलं गानं अर्पिताचं. अन् माहा माइक कोनाले तरी देऊन टाका. आता सांग! लग्न होऊन आली तवापासून ह्या गावात पहिलं गानं जयाचं. ऑपरेशनचे दोन सालं सोडले त एक जयंती चुकली नाही. अन् गानं शिकवलं कोनं? त्याच रामीबाईनं. तिलेच आयकू नाही गेलं.

उर्वशी : म्हणून तुम्ही बाबुलालकडे पळाले.

धर्मपाल : मंग काय करू वं? डॉक्टरनं गळ्यातली गाठ काढली, आवाज बी संगं घेऊन गेला. मले गळा दुरुस्त करता येत नाही. मले मशीनच येते.

उर्वशी : मग मशीनच पाहू ना! पण अंदाजानं नाही, मोजून. हे दुसरं काढा आधी. आता सांगा, गाणं माइकमधून निघालं. वायरीत थोडं घटलं. मशीननं वाढवलं. लांबच्या वायरीत परत घटलं. मग भोंग्यातून निघालं. बरोबर?

धर्मपाल : बरोबर. हे काय मले शिकवते?

उर्वशी : ऐका त. मशीन गुणाकार करते अन् वायर भागाकार करते. दहा हजार पट वाढव, दोनानं भाग, परत चारशे पट वाढव, परत तिनानं भाग…

धर्मपाल : राहू दे, राहू दे. डोकं भनभनते उन्हाचं.

उर्वशी : म्हणूनच डेसिबल! त्याच्यात गुणाकार नाही, भागाकार नाही. मशीननं चाळीस वाढवले, अधिक चाळीस. वायरीनं तीन खाल्ले, उणे तीन. संपलं! तुम्ही वावरातल्या मोटारी बसवता ना? तवा काय पाहता?

धर्मपाल : मोटर पानी किती फूट चढवते अन् पुढं उतार किती हाय. चढ धराचा, उतार सोडाचा.

उर्वशी : झालं! डेसिबल म्हंजे आवाजाचे फूट.

धर्मपाल : हट्! इतकंच?

उर्वशी : इतकंच! दोन गोष्टी ध्यानात ठेवा फक्त. ताकद डबल झाली का तीन वाढले. ताकद दहा पट झाली का दहा वाढले. घटायचं बी तसंच.

धर्मपाल : असं सांग ना मंग. तुह्या मास्तरले बी असंच सांगत जा, त्याईचंबी भलं होईन. पन दुसरं मशीन लावल्यावर घरघर काहून वाढली?

उर्वशी : मशीनला काय कळते, गाणं कोणतं अन् घरघर कोणती? जे येईन ते चढवते. आपली माइकची वायर लाइटिंगच्या वायरीला खेटून आलेली हाय, त्याची घरघर येणारच. गाणं तगडं असलं का ती घरघर खाली दबून राहते, कोणाला कळत नाही. पण गाणंच अर्धमेलं होऊन मशीनीपाशी आलं, त दोन काय, दहा मशीन लावा. घरघरच वाढन.

धर्मपाल : म्हंजे तुह्या मायचं गानं रस्त्यात मरून राह्यलं?

उर्वशी : रस्त्यात मेलं का गळ्यातच मेलं, हेच त पाहायचं हाय! बोलवा तिला.

धर्मपाल : मी नाही बोलवत. तू बोलव. माह्यावर भडकन.

उर्वशी : आई! ए आई, ये ना जरा!

जया : काय हाय? चहा ठेवाचा हाय का? तेवढं जमते मले अजून.

उर्वशी : चहा नको. तू इथं उभी राह्य अन् गाय.

जया : झालं ना एकडाव. साऱ्या गावानं आयकलं. म्हंजे नाही आयकलं.

उर्वशी : माइक नाही, मशीन नाही, काही नाही. नुसती गाय. मी फोन धरते. फोनमध्ये आवाजाचं मीटर हाय.

जया : आता फोन सांगन का मले, माहा गळा कसा हाय ते? डॉक्टरनं दुर्बीन घालून सांगतलं, सारं ठीक हाय बाई, गा. त्याचं काय जाते सांगाले? माघ पुनवेले गेलतो ना मी गायले. पुढच्या बायाच उठून गप्पा मारून राह्यल्या होत्या. मंग अर्पिता आली, मावशी बसा तुमी, म्हने, अन् हातातून माइक घेतला. हळूच घेतला. झटक्यानं घेतला असता त मी भांडलो तरी असतो.

धर्मपाल : ते कालची पोरगी. कानामागून आली अन् तिखट झाली.

जया : तिले काही म्हनू नका. चांगली गाते ते. मीच पुरत नाही आता.

उर्वशी : आई, एक ओळ. माझ्यासाठी. दोन वीत अंतरावरून.

जया : तुह्यासाठी म्हनू नको वं, तिथंच मानूस फसते… 'उजेडाच्या वाटेवरती पहिलं पाऊल माझ्या मायचं…' झालं?

उर्वशी : ऐंशी! बाबा, आता तुम्ही. इथंच उभं राहा. दोन वीत.

धर्मपाल : मी गाऊ?

जया : नका! ढोरं दावं तोडतीन.

उर्वशी : तुमचं हॅलो म्हणा. जे रामीबाईपर्यंत पोचलं तेच.

धर्मपाल : हॅलो! हॅलो माइक टेस्टिंग, वन टू थ्री, जय भीम!

उर्वशी : शहाऐंशी! सहा! फक्त सहा कमी, आई!

जया : सहा काय? सहा किलो?

उर्वशी : सहा डेसिबल! तुझा आवाज बाबांपेक्षा फक्त सहानं कमी हाय. ताकदीनं चौथाई होते ते, पण कान ताकदीच्या हिशेबानं नाही ऐकत. सहा म्हंजे कानाला थोडासाच हळू. त्याच्यानं कोणी 'जया कवा गाईन' नाही विचारत!

जया : फोन खोटं बोलते. नाही त तू बोलते. मायचं मन राखून राह्यली. त्यापरीस सरळ सांग ना, बाई तुहं संपलं. मले वाईट वाटन, पन दोन दिवसात उठून कामाले लागीन. हे असं लटकवून ठेवू नका कोनी मले. दोन सालापासून लटकूनच हावो मी.

उर्वशी : आई, मी कॉलेजात नापास झाली तरी तुझ्यापाशी खोटं बोलली का?

जया : बोलली. अकरावीत.

उर्वशी : ते सोड! बाबा, आता दोघं माइकवर. तुम्ही तुमच्या माइकवर, आई तिच्या माइकवर. दोघायचं बटन सारखंच ठेवते. मी मशीनीचं मीटर पाहते. आधी तुम्ही.

धर्मपाल : हॅलो! वन टू थ्री!

उर्वशी : शून्यापर्यंत गेला काटा. आता आई. तीच ओळ, तेवढंच अंतर.

जया : 'उजेडाच्या वाटेवरती…'

उर्वशी : थांबा, काटा परत पाहते.

धर्मपाल : काय झालं वं? बोल ना.

उर्वशी : उणे सव्वीस.

धर्मपाल : किती?

उर्वशी : सव्वीस! तोंडातून निघताना सहा कमी, अन् मशीनीपाशी पोचताना सव्वीस कमी. म्हंजे मधातले वीस कुठं गेले? बाबा, वीस कुठं गेले!

धर्मपाल : वीसच ना? मंग एवढं काय नाचते? शंभरातले वीस गेले, ऐंशी त राह्यले.

उर्वशी : नाही ना बाबा! मघाशी काय सांगितलं? दहा घटले का दहावा हिस्सा उरतो. अजून दहा घटले का त्याचा बी दहावा. शंभरातले ऐंशी नाही राहिले. शंभरातला एक राहिला!

धर्मपाल : एक?

उर्वशी : एक!

धर्मपाल : जया, तुह्या गान्याचे नव्व्यान्नव हिस्से कोनं खाल्ले वं?

जया : मले काय इचारता? म्या काय घरी नेऊन ठेवले?

उर्वशी : माइक बदला! माइक खराब असन. आईचा माइक काढून तुमचा लावा तिच्या वायरीला. आई, गाय!

जया : 'उजेडाच्या…'

उर्वशी : तेच. उणे सव्वीस. माइक चांगला हाय. मग वायर. आई, ती वायर दे इकडे.

जया : नाही.

उर्वशी : अगं, काळी वायर लावून पाहायची फक्त.

जया : माह्या वायरीले हात नाही लावाचा. तुह्या बाबानं मले ते वायर देल्ली तवापासून त्या वायरीवर दुसरं कोनी बोललं नाही. ना पाहुना, ना पुढारी. लाल टेपचा सांधा पाहून सारे समजतात, हे जयाबाईची हाय. अन् आता काय सांगू लोकायले? गळा चांगला हाय, वायर खराब? नाचता येईना अन् अंगन वाकडं म्हनतीन.

धर्मपाल : म्हनू दे ना म्हनतीन त. अंगन खरंच वाकडं असलं त सांगाव नाही का मानसानं?

जया : अन् नसलं त? ते वायर काढून बी आवाज नाही गेला त? मंग तर काहीच राह्यलं नाही ना दोष द्यायले. मी उरतो फक्त.

उर्वशी : आई… फोननं ऐंशी दाखवले. मी दोनदा पाहिले. माझ्यावर नको, त्या आकड्यावर तरी भरोसा ठेव.

धर्मपाल : दे जया. एकडाव दे.

जया : घ्या. तोडू नका.

उर्वशी : ही काढली… ही काळी लावली… अन् ही पिन इथं. बाबा, आधी बटन खाली घ्या. मीटर पाहून झाल्यावर तुम्ही आईचं बटन पूर्ण चढवलं ना–

धर्मपाल : हो, घेतो. जया, बोल त–

जया : हॅलो–

उर्वशी : आई गं! बाबा, खाली! खाली घ्या!

धर्मपाल : घेतलं! घेतलं! बापा, काय शिट्टी वाजली वं! निंबावरचे सारे कावळे उडाले!

जया : मी नुसतं हॅलो म्हनलं! गायलो बी नाही!

उर्वशी : नुसतं हॅलो! अन् मशीन किंचाळलं! आई, तुझा आवाज हाय! हाय! रस्त्यातच मरून राहिला होता, गळ्यात नाही!

धर्मपाल : तेरी त! कोनं केलं हे? कोनत्या गाढवानं केलं? वायर आन इकडे, फाडून पाहातो तिले.

उर्वशी : मला त सांध्यावरच शंका हाय. एवढा जाड कुठं सांधा असतो? ब्लेड द्या… ह्या टेपचे किती वेढे दिले हो? निघता निघत नाही… आतून पत्रा लागून राहिला. डब्बी हाय काहीतरी. गोल. आई, हे पाहा.

जया : अवं! हे त चुन्याची डब्बी!

उर्वशी : चुन्याची?

जया : मामाजीची, तुह्या आज्याची! झाकनावर फूल हाय ना? तेच! किती धुंडली त्याईनं! माह्या धाकट्या नंदेवर आळ घेतला, सारं घर उलटं केलं. मरेपर्यंत म्हनत होते, माही फुलाची डब्बी ह्या घरातच हाय.

उर्वशी : बाबा, आत रेझिस्टर हायेत. तीन. सोल्डर करून. हे कोणी तरी मुद्दाम बसवलं. आवाज खाली पाडायला. पुरे वीस डेसिबल!… बाबा? तुम्ही असे काय पाहून राहिले?

धर्मपाल : हे सोल्डर माहं हाय.

उर्वशी : काय?

धर्मपाल : माहंच हाय. असा थेंब मीच सोडतो. थांब, थांब… वणी! जया, वणी! कोळशाच्या खानीतल्या कामगाराच्या कॉलनीतला प्रोग्राम!

जया : हो वं माय! भोंगा फाटला होता!

धर्मपाल : एक नाही, दोन फाटले! तू वरचा सूर लावला अन् भोंग्याचा पडदा टरकन! दुसरा लावला, तोबी टरकन! लोकं टाळ्या वाजवून राह्यले अन् मी घामाघूम. ते प्रोग्रामवाले येऊन म्हनतात, बाईले हळू गायले सांगा.

जया : अन् तुमी आले सांगाले. मांडवामागं उभे राह्यले, हात जोडून. अन् म्या काय म्हनलं?

धर्मपाल : तू म्हनली…

जया : मी म्हनलं, मी दाबून गानार नाही. आवाज दाबाचा असन त तुमच्या वायरीत दाबा. माह्या गळ्यात नाही.

धर्मपाल : असंच म्हनली होती! अन् घरी आल्या आल्या मी हे डब्बी बनवली. वायरीत बसवली, वरून लाल टेप मारला का लोकायले सांधा वाटला पाह्यजे. तवापासून तू पाह्यजे तितकी मोकळी गायली अन् माहा एक भोंगा फाटला नाही.

उर्वशी : अन् ऑपरेशन झाल्यावर?

धर्मपाल : ऑपरेशन झाल्यावर… ध्यानातच नाही राह्यलं पोरी. कसं राहीन? त्या वायरीवर दुसरं कोनी बोलतच नव्हतं. गळा लहान झाला, डब्बी तेवढीच राह्यली.

जया : माघ पुनवेले बी हेच होती?

धर्मपाल : हेच वायर होती. म्हंजे हेच होती.

जया : म्हंजे बाया उठल्या, अर्पितानं माइक घेतला… ते हे? अन् मी दोन महिन्यापासून रांधता रांधता रडतो, उशीत तोंड घालून रडतो, का माहा गळा गेला म्हनून. अन् हे माह्याच हातात होतं! गाताना मुठीत धरत होतो मी ह्या डब्बीले! काखेत कळसा अन् गावाले वळसा!

धर्मपाल : जया, मले–

जया : गप बसा हो तुमी! हसू येऊन राह्यलं मले, हसू द्या! मामाजीची चुन्याची डब्बी! अन् बुढा घरभर बोंबलत होता!

उर्वशी : आई, हसते का रडते?

जया : दोनी होऊन राह्यलं. तू तुहं काम कर.

उर्वशी : काम हायच अजून! वीस भेटले. सहा बाकी हायेत.

धर्मपाल : ते सहा मी बटनानं चढवतो.

उर्वशी : नाही. बटन चढवलं का शिट्टी जवळ येते. ते सहा आईपाशीच हायेत. आई, तू माइक किती लांब धरते?

जया : दोन वीत. रामीबाईनं शिकवलं तसं. माइक चाटत गाते ते गायिका नाही, म्हने ते.

उर्वशी : तवा तुझा आवाज भोंगे फाडत होता. आता एक वीत धर. अंतर अर्धं झालं का ताकद चौपट. डबल झाली का तीन, अजून डबल का अजून तीन. किती झाले?

धर्मपाल : सहा! मी सांगतो, सहा! आवाजाचे सहा फूट!

उर्वशी : बरोबर! सहा! मशीनला हात न लावता, फुकटात!

जया : एक वीत म्हंजे तोंडावरच आला ना माइक. मले लाज वाटते. म्हतारी झाल्यावानी वाटते.

उर्वशी : आई, एक गोष्ट खरी सांगू? आवाज पहिलेएवढा नाही राहिला. फोननं तेबी सांगितलं. भोंगा नाही फाटणार आज. पण जेवढा हाय तेवढा सारा रामीबाईपर्यंत नेता येते. एक वीत पुढं ये फक्त.

जया : …हे खरं सांगतलं तू. आता मघाचं बी खरं वाटते मले.

धर्मपाल : बटन मी बरोबर अर्ध्यावर ठेवलं. काळी वायर लागली. उर्वशी, रामीबाईले फोन लाव.

उर्वशी : लावला. हॅलो, रामीआजी? मी उर्वशी, जय भीम! भोंग्याकडे कान ठेवा. नाही, काही बोलू नका, नुसतं ऐका. आई, गाय!

जया : थांब. घोटभर पानी दे… हं. एक वीत ना?

उर्वशी : एक वीत.

जया : 'उजेडाच्या वाटेवरती पहिलं पाऊल माझ्या मायचं… अंधाराची कडी काढली, दार उघडलं साऱ्या गावाचं…'

धर्मपाल : पाय, पाय वं! बसस्टॉपवरचा भोंगा बोलून राह्यला! इथपर्यंत परत आवाज येऊन राह्यला! घरघर कुठं गेली? हाय का कुठं घरघर?

उर्वशी : खाली दबली! गाण्याखाली! आई, थांबू नको, दुसरं कडवं!

धर्मपाल : तिकडं पाय, चक्कीवरून लोकं बाहेर आले. संघदीप पळत येऊन राह्यला. अरे संघदीप, थांब तिथंच! अर्पिताले सांग, तुहं दुसरं गानं! पहिलं जयाबाईचं!

जया : झालं. दम लागला. दुसरं कडवं संध्याकाळी… काय म्हनते रामीबाई?

उर्वशी : आजी? हॅलो! ऐकू आलं का? …कोण गात होतं सांगा बरं… हो… हो… असं म्हणता? सांगते, सांगते.

जया : बोल ना लवकर! काय म्हने?

उर्वशी : म्हणते, जयाचा आवाज जाडा झाला. पण जयाच हाय.

जया : असं म्हनली?

उर्वशी : अन् म्हणते, तिले सांग, जरासक हळू गाय. बाज हालून राह्यली.

धर्मपाल : हा हा! आयकलं का जया? बाज हालून राह्यली! चाल, आता मी त्या बाबुलालचं मशीन वापस नेऊन देतो. अन् हे साली डब्बी त्या नालीत फेकतो.

जया : अहो, फेकू नका.

धर्मपाल : आता कायले पाह्यजे हे?

जया : पुसून ठेवा. पुढच्या जयंतीले लागन मले.